शंभरातले तीन तारे

धाकटा : "...तर मंडळी, दर वर्षी एक नवी बॅटरी येते. सहा मिनिटांत भरते, सहा दिवस चालते, आणि सहा महिन्यांनी तिचं नाव कोणाच्या ध्यानात नसतं. या वर्षीच्या बॅटरीलाही माझ्या मनापासून शुभेच्छा." कसं झालंय?

ताई : हसले की मी.

धाकटा : मशीनच्या घरघरीत कळलं नाही.

ताई : पाय मशीनवर, नजर सुईवर आणि हसू ओठांवर. शिंपिणीला तिन्ही एकदम जमतात रे. पुढचं वाच.

धाकटा : "दुसरी बातमी. आता म्हणे प्रोग्रामसुद्धा यंत्रच लिहिणार, आम्ही नुसतं बघायचं. बघतोय की! परवा त्याला म्हटलं, बाबा रे, एवढं दहा ओळींचं काम जरा नीटनेटकं करून दे. त्याने चारशे ओळी लिहिल्या आणि शेवटी, काय सुंदर प्रश्न विचारलात, म्हणून माझीच पाठ थोपटली. इतका नम्र सहकारी वीस वर्षांत भेटला नाही. आणि इतका पसारा घालणाराही."

ताई : हे झकास. माझ्याकडे एक होती तशी मदतीला. एक गुंडी लाव म्हटलं की चार लावायची, आणि वर म्हणायची, ताई, तुमची निवड किती छान!

धाकटा : हे घालू का यात?

ताई : खुशाल घाल. तिला वाचता येतं, एवढं लक्षात ठेव. तिसरी बातमी?

धाकटा : तिसरी... राहू दे ती. जरा तांत्रिक आहे.

ताई : वा रे वा. दर रविवारी सकाळी या स्टुलावर येऊन बसायचं, पत्र आधी मला वाचून दाखवायचं, ताईला कळलं तर साऱ्या जगाला कळलं असं म्हणायचं. आणि आजच तांत्रिक? तुझ्या त्या चारशे बारा वाचकांना कळणार आणि मला तेवढं नाही होय?

धाकटा : चारशे सतरा.

ताई : पाच वाढले? बरं झालं. वाच.

धाकटा : वाचतो. मध्ये बोलायचं नाही हं. "तिसरी बातमी आभाळातली. मोठ्या दुर्बिणीला एका दूरच्या ताऱ्याभोवती फिकट ठिपके दिसले, म्हणून सगळी वर्तमानपत्रं नाचतायत. ते फोटो धूळ काढून स्वच्छ करतो एक फुकट मिळणारा प्रोग्राम. नाव 'चाळणी'. एका बाईने एकटीने, घरच्या टेबलावर बसून तो रचला, आणि उद्या तिचा सत्कार आहे. माझं मत विचाराल, तर टाळ्या वाजवण्याआधी चाळणीची भोकं मोजा. मी मोजली. शंभर तारे असलेलं एक चित्र तिला दिलं. परत आले सत्त्याण्णव. तीन तारे तिने धूळ समजून गिळले. जिला तारा आणि धूळ यातलं अंतर कळत नाही, तिने दाखवलेल्या ठिपक्यांवर भरवसा कोणी ठेवायचा? सत्काराची फुलं तूर्त पाण्यात ठेवावीत." झालं.

(मशीनची घरघर थांबते.)

धाकटा : मशीन का थांबवलंस?

ताई : दोरा तुटला. 'एकटीने' म्हणालास?

धाकटा : बातमीत तसंच आहे.

ताई : बातमीत असेल. मी डोळ्यांनी पाहिलंय ना. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दोघं ऑफिसातून इथे पळत यायचात. हे कापायचं टेबल अर्धं तुमचं, अर्धं माझं. मुंगी आणि तू. जुने डागाळलेले फोटो साफ करायचे, म्हणून सुरू केलंत ते. बाबांच्या फोटोवरचा डाग पहिल्यांदा गेला, तेव्हा मी रडले होते. तेव्हा ती एकटी होती का?

धाकटा : चाळीस दिवस होतो मी, ताई. चाळीस. मग मला बढती मिळाली. साहेब म्हणाले, बाहेरची कामं बंद. मी तिला सांगितलं, हे फुकटचं कोण वापरणार आहे, सोड. माझं नाव काढून टाक त्यातून, ऑफिसात भलते प्रश्न नकोत.

ताई : आणि तिने सोडलं नाही.

धाकटा : मुंगीच ती. साखरेचा दाणा तोंडात धरला की भिंत आडवी येवो नाहीतर डोंगर. सहा वर्षं. एक एक भोक मोजत बसली.

ताई : आणि आज तो दाणा आभाळात पोचला, आणि तुला लागला ठसका.

धाकटा : ठसका नाही. दोष आहे तो. खरा दोष. तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा सत्त्याण्णव.

ताई : असेल. मला काय कळतंय त्यातलं. पण दोन महिन्यांपूर्वी याच स्टुलावर बसून तू एका माणसाची सालपटं काढली होतीस. त्याला कुणाच्या तरी प्रोग्राममध्ये भोक सापडलं, आणि त्याने ते करणाऱ्याला न सांगता गावभर केलं. काय लिहिलं होतंस?

धाकटा : ते वेगळं होतं.

ताई : "आमच्या धंद्यात एकच सोवळं आहे. दोष सापडला की आधी करणाऱ्याच्या कानात सांगायचं. त्याला दुरुस्तीला नव्वद दिवस द्यायचे. मग चव्हाट्यावर. हे ज्याला पाळता येत नाही, त्याने या धंद्यात राहू नये." शब्दन् शब्द पाठ आहे माझा. मला आवडलं होतं ते. म्हटलं, माझ्या भावाला काही रीतभात आहे.

धाकटा : नव्वद दिवसांनी या बातमीला कुत्रं तरी विचारील का?

ताई : म्हणजे दोष सांगायचा नाहीये तुला. सत्कार मोडायचाय.

धाकटा : तुझं तर काय, ती आधीपासून लाडकी. ...हा कोट कोणाचा?

ताई : कुठला?

धाकटा : तुझ्या हातात आहे तो. निळा. मघापासून बघतोय. याला अस्तर रेशमी लावलंयस. गिऱ्हाइकाला तू कधी रेशमी लावत नाहीस.

ताई : तिचाच आहे. उद्यासाठी. अकराला येतेय ती ट्रायलला.

धाकटा : अकराला? आत्ता? मला सांगितलं नाहीस!

ताई : सांगितलं असतं तर आला असतास?

धाकटा : माझ्या बढतीच्या वेळी मी म्हटलं होतं, ताई, एक कोट शिव. तू म्हणालीस, हंगाम आहे, तयार घे. मी तयार घेतला. खांद्यात लोंबत होता. सगळ्या फोटोंत मी दुसऱ्याच्या अंगातला कोट घातल्यासारखा दिसतो.

ताई : अगबाई. सहा वर्षं हे पोटात ठेवलंस?

धाकटा : आणि तिला रेशमी अस्तर.

ताई : दुसऱ्याच्या दारी बाई, वेल फुलांनी लवला;
माझ्या दारचा उंबरा, मला उगाच टोचला!

धाकटा : तुझी गाणी नकोत मला. प्रत्येक दुखण्यावर गाणं रचायचं आणि फुंकर मारायची. काही दुखणी खरी असतात.

ताई : खरी आहेत म्हणून तर फुंकर. चटका लागलेल्याने दुसऱ्याला डाग द्यायचा नसतो रे राजा. तिला अकराला सांग. इथेच. मी चहा ठेवते, दोघं बसा या टेबलाशी पहिल्यासारखे. मग काय लिहायचं ते लिही.

धाकटा : आणि तिने डोळे मोठे करून "थँक्यू" म्हटलं की मी विरघळायचं. मग ती गुपचूप दुरुस्ती करणार, उद्या हार घालून घेणार, आणि मी इथे बॅटऱ्यांवर विनोद करत बसणार. नाही. या वेळी नाही.

ताई : धाकट्या, लॅपटॉपवर काय दाबलंस?

धाकटा : पाठवलं.

ताई : सगळ्यांना?

धाकटा : चारशे सतराच्या चारशे सतरांना.

(दारावरची घंटी किणकिणते. त्याला वाटतं, लॅपटॉप मिटावा. मिटत नाही, मध्ये मोजपट्टी अडकलेली आहे.)

मुंगी : ताई, उशीर झाला का? दहा मिनिटं. बस चुकली. ...अरे! तू?

धाकटा : मी. रविवार आहे ना.

मुंगी : हो. रविवारी तू इथे असतोस, विसरले. बरा आहेस?

ताई : ये गं, आधी कोट चढव. हात सरळ ठेव. टाचण्या आहेत, हलू नकोस. बाही बोटभर लांब झालीय वाटतं.

मुंगी : मस्त झालाय. आतून किती गार लागतो! ताई, हे रेशमी कशाला... थांबा, फोन वाजला. खिशात आहे, काढता का जरा? टाचण्यांमुळे हात वळत नाही.

ताई : राहू दे तो फोन.

मुंगी : तुझं पत्र असेल, काय रे? रविवारी याच वेळेला येतं. बसमध्ये तेच शोधत होते.

धाकटा : तू वाचतेस?

मुंगी : पहिल्या पत्रापासून. मी वाचक क्रमांक नऊ.

धाकटा : मला माहीत नव्हतं.

मुंगी : आडनाव लावलं नाही. तुला उगाच अवघड वाटलं असतं. ताई, वाचून दाखवा ना, तुमचं टाचून होईपर्यंत. मला हसायचंय. उद्याचं भाषण लिहून लिहून तोंड वाळलंय. पाच मिनिटांचं आहे. वाचलं तर औषधाच्या बाटलीवरची सूचना वाटते. खरं तर मी म्हणणार होते, तुझ्याकडे पाठवू का. दोन ओळी तुझ्यासारख्या झाल्या असत्या तर...

धाकटा : नको वाचूस.

मुंगी : का?

धाकटा : त्यात... तुझी चाळणी तारे खाते.

मुंगी : काय?

धाकटा : शंभर दिले, सत्त्याण्णव आले. कोपऱ्यात ठळक उजेड असला की त्याच्या कडेचे फिके तारे जातात. तीन वेळा तपासलं मी. ते मी लिहिलंय आणि पाठवलंय. आत्ता, तू यायच्या आधी.

ताई : बस गं. नाही, बसू नकोस, टोचेल. पाणी देऊ?

मुंगी : तीन?

धाकटा : तीन.

मुंगी : मग ते ठिपके... तिथे अजून काही असेल आणि आम्ही पुसून टाकलं असेल. किंवा उलटं. उद्या रद्द करायला हवं. वेधशाळेत कळवते. चौदा माणसं वर्षभर त्या फोटोंवर बसलीत. ताई, तो फोन द्या मला.

धाकटा : थांब जरा. तू तपासणार नाहीस?

मुंगी : तू तपासलंस ना?

धाकटा : हो, पण...

मुंगी : तीन वेळा म्हणालास. तुझं मोजणं कधी चुकलंय? पहिल्या चाळीस दिवसांत माझ्या चुका तूच धरायचास. तू गेल्यावर किती तरी दिवस मी काही लिहिलं की वाटायचं, हे त्याला दाखवायला हवं होतं.

धाकटा : निदान बघ तरी. हे बघ. हे चित्र. हे आत घातलं. आणि हे...

मुंगी : स्क्रीन जरा इकडे कर. मान वळत नाही. पुन्हा चालव.

धाकटा : चालवतो.

मुंगी : थांब. अगदी वर काय लिहून आलं? सुरू होताना?

धाकटा : काही नाही, नेहमीचंच.

मुंगी : वाच.

धाकटा : "चाळणी. आवृत्ती चार."

मुंगी : पुढे दोन नावं आहेत. तुझं आणि माझं. ही आवृत्ती चार आहे! आता एकतीस चालू आहे. ही तुझ्या वेळची.

धाकटा : शक्य नाही. माझ्या लॅपटॉपवरचं सगळं दर आठवड्याला आपोआप नवं होतं.

मुंगी : ही झालेली नाही. हा तीन ताऱ्यांचा दोष मला ठाऊक आहे. तू गेल्यानंतर सातव्या महिन्यात निघाला. एक शाळामास्तर होते, झाडांच्या पानांचे फोटो साफ करायचे. त्यांना पानाच्या कडेच्या शिरा दिसेनात. आवृत्ती सहामध्ये काढला मी. कुलूप लावलंयस का कुठे? ज्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आपोआप येऊ द्यायची नाही, त्यांची यादी उघड.

ताई : आहे का रे कुलूप?

धाकटा : आहे.

ताई : कोणी लावलं?

धाकटा : मीच लावलं असणार. तारीख आहे. सहा वर्षांपूर्वीची.

मुंगी : सगळ्या लॅपटॉपवर हे एकच कुलूप आहे. का?

धाकटा : विसरून गेलो होतो गं. खरंच. आता आठवतंय. तू लिहिलं होतंस, पुढच्या आवृत्तीत तुझं नाव काढलंय, तू म्हणालास तसं. ते वाचलं, आणि जाऊन कुलूप लावलं.

ताई : म्हणजे स्वतःच्या तोंडाने नाव काढायला सांगितलंस, आणि ज्यात ते होतं ते कडीकुलपात ठेवलंस.

धाकटा : हो.

ताई : शाब्बास. आणि बाहेर येऊन ओरडलास की बघा, शेजारणीच्या घरात झुरळ आहे.

मुंगी : ताई, राहू द्या.

धाकटा : नको, बोलू दे तिला. ...नवी घेतो. एक मिनिट. घेतली. तेच चित्र घातलं.

ताई : किती?

धाकटा : शंभर.

मुंगी : मला माहीत होतं. तरी भीती जायला जरा वेळ लागेल.

धाकटा : मुंगी...

मुंगी : दोन मिनिटांचं काम होतं. तू फोन केला असतास तर मी विचारलं असतं, कुठली आवृत्ती? तू सांगितलं असतंस चार, आपण हसलो असतो. सहा वर्षांनी एक फोन झाला असता.

धाकटा : हो.

मुंगी : तुला माझा फोन नंबर आठवत नव्हता का?

धाकटा : पाठ आहे. ...आत्ताच्या आत्ता दुसरं पत्र पाठवतो. थांब. "मंडळी, मघाच्या पत्रात तांत्रिक कारणामुळे एक लहानशी चूक..."

ताई : उसव.

धाकटा : काय?

ताई : टाका चुकलाय, उसव. 'तांत्रिक कारण' म्हणजे कोण? माझी शिलाई वाकडी गेली तर मी काय सुईचं नाव घेते?

धाकटा : बरं. "मंडळी, माझ्याकडून घाईत..."

ताई : सहा वर्षांची घाई? उसव.

धाकटा : ताई, चारशे सतरा माणसं वाचतात हे.

ताई : मघाशी तीच होती की.

मुंगी : माझा फोन वाजतोय. वेधशाळेतूनच असणार. कोणीतरी तुझं पत्र पुढे पाठवलेलं दिसतंय. तू लिही, मी त्यांच्याशी बोलते. ताई, कानाला लावा जरा. ...हॅलो? हो, कळलं. नाही, ठिपके आहेत तिथेच आहेत. जुनी आवृत्ती होती. हो, खात्री आहे, माझ्यासमोर पुन्हा चालवलं. शंभर. कोण? नाही... दुश्मन वगैरे नाही. माझ्याबरोबर होता सुरुवातीला. पहिली चाळण त्याचीच, मी पुढे विणत गेले. हो, नाव काढलंय, त्यानेच काढायला सांगितलं होतं. ठीक आहे. येते उद्या. ...झालं, ताई.

धाकटा : हे कशाला सांगितलंस त्यांना?

मुंगी : कारण ते खरं आहे. तुझं झालं का लिहून?

धाकटा : झालं.

मुंगी : वाच.

धाकटा : "मंडळी, मघाशी मी चाळणीबद्दल जे लिहिलं ते खोटं आहे. तिच्यात तो दोष नाही. मी सहा वर्षांची जुनी आवृत्ती तपासली. तिला कुलूप मीच लावलं होतं. नवी घेतल्यावर शंभरच्या शंभर तारे आले. दोष सापडला तर आधी करणाऱ्याच्या कानात सांगावं, हे मी तुम्हाला शिकवलं आणि स्वतः मोडलं. कारण ती पुढे गेली आणि मी मागे राहिलो, याचा मला थोडासा मत्सर वाटला."

ताई : थोडासा?

मुंगी : असू दे ताई. कठीण असतं ते लिहिणं.

धाकटा : नाही. काढला. आता नुसतं "मत्सर वाटला" आहे. पाठवू?

मुंगी : मला काय विचारतोस? मघाशी विचारलं नव्हतंस.

धाकटा : पाठवलं.

ताई : चला, हात खाली कर गं. कोट उतरव हळूच. बाही मी संध्याकाळपर्यंत आत घेते. आणि धाकट्या, तू उठ तिथून, चहा टाक. तीन कप. साखर कुठे आहे ते माहीत आहे ना अजून?

धाकटा : नाही... मी निघतो. माझं तोंड आत्ता चहा पिण्यासारखं नाही.

मुंगी : ऐक.

धाकटा : हं?

मुंगी : उद्या दहाला सत्कार आहे. ये.

धाकटा : मी?

मुंगी : हो. पण मागच्या रांगेत बस. पुढे दिसलास तर मी भांडेन, नाहीतर रडेन. आणि भाषणाला मला पाचच मिनिटं दिलीत.